‘चॅम्पियन्स’ हे नाव नक्की कुणाचं? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

सुपरहीरो आरपीजी (पुस्तकातल्या नियमांनी आणि फाशांनी, पात्रं वठवून खेळायचे खेळ) खेळणाऱ्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘चॅम्पियन्स’ हा खेळ 1981 पासून हीरो गेम्स या प्रकाशकाचा, म्हणून नावाचा कॉपीराइट त्यांचाच. 2008 मध्ये त्यांनी तो क्रिप्टिक स्टुडिओज या व्हिडिओ गेम कंपनीला विकला आणि पुस्तकातला खेळ तिथेच संपला. मार्वलने पुढे तेच नाव वापरलं, ती सरळ चोरी. आणि 2024 मध्ये ‘सुपरहीरो’चा ट्रेडमार्क रद्द झाला, तेव्हा आता या प्रांतातली सगळी नावं मोकळी.

यातली सालं बरोबर आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

‘नावाचा कॉपीराइट हीरो गेम्सचा’

नावाला कॉपीराइट नसतोच. अमेरिकेच्या कॉपीराइट नियमांत नावं, शीर्षकं आणि छोटे शब्दसमूह स्पष्टपणे वगळले आहेत. पुस्तकातला मजकूर, चित्रं, पात्रांची वर्णनं यांना कॉपीराइट मिळतो. फासे कसे टाकायचे, गुण कसे मोजायचे, ही पद्धत त्याच्याही बाहेर राहते. ती ज्या शब्दांत लिहिली आहे तेवढंच संरक्षित. नाव येतं ट्रेडमार्कखाली, आणि ट्रेडमार्क कुणी शोध लावला यावर मिळत नाही. ते नाव लावून कोणता माल बाजारात विकला जातो, यावर मिळतो.

म्हणजे एका खेळात तीन वेगळी गाठोडी असतात: नाव, नियम आणि पात्रं. ती तीन वेगळ्या मालकांकडे जाऊ शकतात आणि जातातही. मेफेअर गेम्स या प्रकाशकाने 1985 मध्ये डीसी या कॉमिक्स कंपनीकडून परवाना घेऊन ‘डीसी हीरोज’ काढला. परवाना संपला. त्याच खेळाची नियमयंत्रणा 1998 मध्ये पल्सर गेम्सच्या ‘ब्लड ऑफ हीरोज’मध्ये पुन्हा छापली गेली. गणित तेच, तक्ते तेच, पण बॅटमॅन नाही आणि मुखपृष्ठावर ‘डीसी’ही नाही. नियम हलले, नावं डीसीकडेच राहिली.

‘1981 पासून हीरो गेम्सचा’ हे वाक्यही वाटतं तितकं सरळ नाही. जॉर्ज मॅकडोनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी खेळ लिहिला. 1986 पासून हीरो गेम्सची पुस्तकं आयर्न क्राउन एंटरप्रायझेस या दुसऱ्या प्रकाशकामार्फत निघू लागली. 2001 मध्ये डीओजे या कंपनीने हीरो गेम्सची मालमत्ता विकत घेतली. मुखपृष्ठावर तोच शिक्का दिसत राहिला म्हणून मालकही तोच राहिला असं धरून चालणं, हीच बहुतेक गोंधळाची सुरुवात असते.

‘2008 मध्ये विकला, पुस्तकातला खेळ संपला’

या मजकुरातली सर्वांत मोठी चूक ही. 2008 च्या सुरुवातीला क्रिप्टिकचा मार्वलवर आधारित ऑनलाइन खेळ रद्द झाला होता. तयार होत आलेलं काम हाताशी होतं, पण त्यावर लावायला सुपरहीरो विश्व नव्हतं. त्यांनी हीरो गेम्सकडून ‘चॅम्पियन्स’ घेतलं, म्हणजे नाव, त्याचं विश्व आणि त्यातली पात्रं. हीरो सिस्टिम ही नियमयंत्रणा विक्रीत नव्हती. ती हीरो गेम्सकडेच राहिली. आणि त्याच व्यवहारात क्रिप्टिकने हीरो गेम्सला ‘चॅम्पियन्स’ची पुस्तकं काढत राहण्याचा परवाना दिला.

त्यानंतर ‘चॅम्पियन्स ऑनलाइन’ 1 सप्टेंबर 2009 ला सुरू झाला. 2010 मध्ये सहाव्या आवृत्तीचं ‘चॅम्पियन्स’ छापून आलं, 2012 मध्ये ‘चॅम्पियन्स कम्प्लीट’. संपलेल्या खेळाची ही अवस्था! शंका असेल तर 2008 नंतरच्या पुस्तकाचं श्रेयपान उघडा: नाव क्रिप्टिकचा ट्रेडमार्क आहे आणि परवान्याने वापरलं आहे, असं तिथे छापलेलं असतं. बारीक टाइपात असतं, म्हणून कुणी वाचत नाही.

परवान्याने नाव वापरणारा कितीही वर्षं ते वापरो, मालक होत नाही. त्याच्या वापराचा फायदा परवाना देणाऱ्यालाच मिळतो. मालकावर मात्र एक जबाबदारी राहते: परवानाधारक काय छापतो त्याच्या दर्जावर लक्ष ठेवणं. नुसतं नाव वाटून हात झटकले, तर अमेरिकी न्यायालयं ट्रेडमार्क सोडून दिल्याचं मानू शकतात. खेळांच्या छोट्या प्रकाशकांचे तोंडी परवाने नेमके इथेच फसतात.

क्रिप्टिकही पुढे हात बदलत गेली: 2008 च्या डिसेंबरात अटारी, 2011 मध्ये परफेक्ट वर्ल्ड, 2022 मध्ये एम्ब्रेसर. कंपनीची मालकी बदलली म्हणजे ट्रेडमार्कच्या नोंदीवरचं नाव बदललंच असं नाही. कंपनी आपल्या मालमत्तेसकट विकली जाते, पण नोंद त्याच कंपनीच्या नावावर राहू शकते.

‘मार्वलने नाव चोरलं’

मार्वलचं ‘द चॅम्पियन्स’ हे कॉमिक 1975 मध्ये आलं. ब्लॅक विडो, घोस्ट रायडर, हर्क्युलीस, एंजल आणि आइसमन. सतरा अंक निघून 1978 च्या सुरुवातीला बंद. खेळ आला त्याच्या नंतर. तेव्हा ‘आधी कोण’ हाच निकष लावायचा, तर चोरीचा आरोप उलटा फिरेल. पण तोही खरा नाही. ट्रेडमार्क वापरात नसला तर सुटतो. अमेरिकेत आज सलग तीन वर्षं न वापरल्यास तो सोडून दिल्याचं प्रथमदर्शनी गृहीत धरतात, आणि त्या काळात ही मुदत दोनच वर्षं होती.

नंतरची गंमत अशी. 1986 मध्ये खेळातल्या पात्रांवर बेतलेलं ‘चॅम्पियन्स’ कॉमिक एक्लिप्स या प्रकाशकाने काढलं, मग ती मालिका हीरोइक पब्लिशिंगकडे गेली. (नावं सारखी असली तरी हीरो गेम्स आणि हीरोइक पब्लिशिंग या वेगळ्या संस्था, अर्धे वाद इथेच तयार होतात.) कॉमिक्ससाठीचा ट्रेडमार्क हीरोइककडे होता, म्हणून 2007 मध्ये मार्वलला ठरलेलं ‘चॅम्पियन्स’ हे नाव सोडून आपली नवी मालिका ‘द ऑर्डर’ म्हणून काढावी लागली. मार्वलचं ‘चॅम्पियन्स’ परत आलं ते 2016 मध्ये. 2019 मध्ये ‘मार्वल चॅम्पियन्स’ नावाचा पत्त्यांचा खेळही आला, तोही हीरो गेम्सच्या खेळाच्या शेजारच्या फडताळावर.

हे सगळं एकाच वेळी शक्य आहे, कारण ट्रेडमार्क मालाच्या वर्गाप्रमाणे चालतो. छापील पुस्तकं आणि कॉमिक्स वर्ग 16 मध्ये, खेळ आणि खेळणी 28 मध्ये, डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर 9 मध्ये, ऑनलाइन खेळाची सेवा 41 मध्ये. शिवाय ‘चॅम्पियन्स’ हा मुळात रोजच्या वापरातला शब्द. पुढे ‘मार्वल’ लावलं की गिऱ्हाईक फसण्याची शक्यता कमी होते, आणि कायद्याचा प्रश्न तेवढाच असतो: गिऱ्हाईक फसेल का?

‘सुपरहीरो रद्द, सगळं मोकळं’

मार्वल आणि डीसी, म्हणजे एरवी एकमेकांचे हाडवैरी, ‘सुपर हीरो’ हा ट्रेडमार्क संयुक्तपणे बाळगून होते. तो रद्द करावा असा अर्ज सुपरबेबीज लिमिटेड या छोट्या कंपनीने मे 2024 मध्ये केला. दोघांनी मुदतीत उत्तरच दिलं नाही. 26 सप्टेंबर 2024 ला अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने चार नोंदण्या रद्द केल्या. प्रतिवादी गैरहजर म्हणून हा निकाल लागला. शब्द सर्वसामान्य आहे की नाही यावर मंडळाने गुणवत्तेवर विचार केलेला नाही. आणि रद्द झाल्या त्या फक्त त्या शब्दाच्या नोंदण्या. ‘चॅम्पियन्स’, ‘स्पायडर-मॅन’ किंवा इतर कोणत्याही नावाला त्याने धक्का लागलेला नाही.

मग तपासायचं कसं

अमेरिकी ट्रेडमार्क कार्यालयाच्या शोधयंत्रात नाव टाका आणि वर्ग 9, 16, 28, 41 वेगवेगळे पाहा. ‘डेड’, म्हणजे आता चालू नसलेल्या, नोंदी सोडू नका. त्यांवरून इतिहास कळतो. मग नोंदणी क्रमांक घेऊन टीएसडीआरवर, म्हणजे त्याच कार्यालयाच्या ट्रेडमार्कची स्थिती आणि कागदपत्रं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, जा. तिथे तीन गोष्टी बघा: मालक, मालाचं वर्णन आणि हस्तांतरणाच्या नोंदी. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारख्याच या नोंदी. पण प्रत्येक फेरफार म्हणजे विक्री नव्हे. ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ असं लिहिलं असेल तर ते कर्जासाठीचं तारण आहे. पत्रव्यवहाराच्या पत्त्यावरच्या वकिलाला मालक समजणं ही आणखी एक नेहमीची चूक. पाचव्या-सहाव्या वर्षातलं वापराचं प्रतिज्ञापत्र आणि दर दहा वर्षांचं नूतनीकरण झालं आहे का, तेही पाहा. नोंदणी गेली तरी प्रत्यक्ष वापरातून मिळालेला हक्क उरू शकतो, म्हणून नाव आज कोणत्या मालावर विकलं जातंय हेही बघावं लागतं.

पुण्या-मुंबईत बसून स्वतःचा खेळ काढणाऱ्यांनी ही तपासणी भारताच्या नोंदवहीत वेगळी करावी. अमेरिकेतली नोंदणी इथे आपोआप चालत नाही. टोयोटाच्या ‘प्रियस’ या गाडीच्या नावावरच्या 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातली ख्याती पुरेशी नाही. ती भारतातल्या बाजारात पोचली होती हे दाखवावं लागतं. न वापरलेली नोंदणी काढून टाकण्यासाठी इथे पाच वर्षं आणि तीन महिन्यांची अट आहे. ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गासाठी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. पीडीएफ परदेशातही विकणार असाल, तर तिथलं नाव तिथल्या नोंदवहीतच तपासावं लागेल.