आवाज बंद, प्रदर्शन चालू
पुण्यात परवा चित्र आणि ध्वनी यांचे एकत्र प्रदर्शन पाहिले आणि अजूनही संताप उतरलेला नाही. चित्रांबद्दल तक्रार नाही, ती जीव ओतून केलेली होती. राग आहे तो आयोजकांवर, कारण त्या कलाकृतींचा निम्मा प्राण ध्वनीत असताना त्यांनी त्याला मंगल कार्यालयात टेपवर लावलेल्या सनईइतकीही किंमत दिली नाही.

इचलकरंजीच्या यंत्रमागांची कोळशाने काढलेली मोठी चित्रे होती आणि सोबत मागांची खटखट ध्वनिमुद्रित केलेली होती. शेजारीच, प्लायवूडच्या पातळ आडोशापलीकडे, कोकणातल्या एका विहिरीची चित्रमालिका होती. तिचे सगळे मर्म रहाटाच्या कुरकुरीत आणि पोहऱ्यातून ठिबकणाऱ्या पाण्यात होते. ते पाणी शेवटपर्यंत ऐकू आले नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, पण गुळगुळीत फरशीच्या, उघड्या भिंतींच्या दालनात तो आदळून पुन्हा पुन्हा परततो. म्हणून तिथे जाड पडदे लावावे लागतात, गालिचे अंथरावे लागतात, निदान दोन कामे आलटून पालटून तरी वाजवावी लागतात. यातले काहीही केलेले नव्हते.

हेडफोन मागितला, तर त्याचा एक कान बंद आणि वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली. थोड्या वेळाने मागांचा आवाजही एकाएकी बारीक झाला. तिथे बसलेल्या रखवालदाराने तो कमी केला होता. त्याला मी बोल लावणार नाही. दिवसभर ती खटखट एकट्याने सोसायची तर कोणाचेही डोके उठेल, आणि त्याला मधूनमधून बदली द्यावी हे कोणाला सुचलेच नव्हते. आवाज वाढवण्याची विनंती केली, तेव्हा आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "अहो, चित्रे दिसताहेत ना?"

ते वाक्य डोक्यात गेले. यांच्याच माहितीपत्रकात सोळाव्या शतकातल्या दख्खनी रागमाला चित्रांचा, म्हणजे संगीतातल्या राग-रागिण्यांना रूप देणाऱ्या चित्रांचा, वारसा मिरवला आहे. तोडी रागिणीच्या चित्रात वीणा घेतलेल्या स्त्रीजवळ हरणे येतात ती तिचे सूर ऐकून, एवढे तरी ते पत्रक छापणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते. एखादे चित्र अर्धे झाकून टांगले असते, तर चित्रकाराने तिथेच जाब विचारला असता. आवाज दाबला तर मात्र कोणालाच काही वाटत नाही.

तिकिटाचे पैसे परत नकोत. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. तोवर ती दोन कामे वेगळ्या खोल्यांत हलवा आणि हेडफोन दुरुस्त करून आणा.