तिसऱ्या रांगेतले गृहस्थ

"तिसऱ्या रांगेत बसलेल्या, निळा शर्ट घातलेल्या गृहस्थांनी कृपया मोबाईल बंद करावा. कलाकारांचं लक्ष विचलित होतं."

आमच्या जत्रेच्या नाटकात परवा हे माईकवरून जाहीर झालं आणि अर्ध्या गावाने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. उरलेलं अर्धं गाव झोपलेलं होतं. रात्री दहानंतर भोंगे लावायचे नाहीत असा नियम आहे म्हणतात, पण जत्रेच्या रात्री तो नियमही फेरीत खाजं घेत फिरत असावा. त्यामुळे ते वाक्य पलीकडच्या गावातही पोचलं. पलीकडच्या गावात माझी सासुरवाडी आहे.

मी मोबाईलवर काय बघत होतो ते आधी सांगून टाकतो, कारण लोकांना भलतंच काही वाटतं. इंग्लंडात जून महिन्यात एक मोठा रॉक महोत्सव भरतो. नाव सांगत नाही, पुढे तक्रार करायची आहे. त्यात कोणकोण वाजवणार त्याची यादी, म्हणजे लाइनअप, त्या रात्री जाहीर व्हायची होती. हिवाळ्यात तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. आणि फोंडा तालुक्यातल्या जत्रेत साडेबारा म्हणजे पालखी फिरून आत गेली, पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंचा लिलाव, उरकली आणि नाटकाचा पहिला अंक कुठे जरा चढू लागला, अशी वेळ. हा मुहूर्त मी काढलेला नव्हता.

तिथे मी जाणार आहे का? नाही. जूनमध्ये त्यांचा उन्हाळा असतो. माझ्याकडे त्या दिवसांत पन्हळ तुंबलेली असते आणि वीज गेलेली असते. पण लाइनअपची वाट बघायला तिकीट लागत नाही. नोव्हेंबर उजाडला की आमच्यासारखी माणसं कामाला लागतात. अमका बँड १२ जूनला हेलसिंकीत आहे, १६ ला पॅरिसमध्ये, मग मधले तीन दिवस तो काय करतोय? झोपा काढतोय? नक्कीच इंग्लंडात येतोय! अशी गणितं आम्ही मांडतो. जन्मात कधी आयकराचं गणित एवढ्या आवडीने मांडलं नाही.

शेजाऱ्यांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेलेला आहे. आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले एवढ्या पुण्याईवर. स्विंडनहून ग्लॅस्टनबरीची ती प्रसिद्ध गाईगुरांची शेती गाडीने दीडेक तासावर. मी त्याला फोनवर आवेशाने सांगितलं, की अरे, १९७० साली त्या मायकल इव्हिस नावाच्या शेतकऱ्याने पहिला महोत्सव केला, तिकीट एक पौंड, आणि वर दूध फुकट! तो म्हणाला, "दूध इथे सुपरमार्केटात स्वस्त आहे. माझी नाईट शिफ्ट असते. काजू पाठवतोस?" देव दात देतो वगैरे म्हण मी तोंडात आली होती तशीच गिळली, कारण काजू शेवटी त्याच्या आईनेच माझ्याकडून नेले.

तर नाटक. संभाजीराजांना साखळदंडात औरंगजेबासमोर आणलेलं. औरंगजेब वीज खात्यात लाइनमन आहे, पण त्या रात्री दाढीत खरोखर जरब होती. आमच्या देवळाच्या आवारात नेटवर्क येतं तेही फक्त तुळशी वृंदावनाच्या बाजूला, आणि तिसऱ्या रांगेतली शेवटची खुर्ची नेमकी तिथे. मी ती खुर्ची पालखी बाहेर असतानाच रुमाल टाकून धरली होती. शेजारी आबा येऊन बसले. वय ऐंशीच्या पुढे. एके काळी गावच्या नाट्यमंडळाचे सर्वेसर्वा, आता नुसतेच सर्व जाणणारे.

"कितें पळयता रे?"

"यादी आहे आबा. गाणाऱ्यांची."

"दाखव."

मोबाईल त्यांनी दोन्ही हातांनी धरला, हस्तपत्रिका धरावी तसा. पोस्टर वरून खाली हळूहळू उतरत होतं. वरची तीन नावं मोठ्या अक्षरांत आलेली, खाली सगळं धुकं.

"ही तीन मोठी कां?"

"ते मुख्य. तीन रात्री, प्रत्येक रात्री एक."

"आणि खाली हे मुंगळे?"

"ते दुपारी वाजवतात."

"दुपारी?" आबांनी मोबाईल खाली केला. "दुपारी कोण ऐकतो?"

"थोडे लोक असतात."

"बिचारे," आबा म्हणाले, आणि त्या क्षणापासून त्यांनी मोबाईल परत दिलाच नाही. कारण अक्षरांचा आकार हा त्यांचा विषय निघाला. त्यांच्या मंडळात एकदा छापखान्यात घोळ झाला आणि नायिकेचं काम करणाऱ्या गड्याचं नाव हार्मोनियमवाल्याच्या खाली आलं, तेही बारीक टायपात. गडी काही बोलला नाही. प्रयोगाला वेळेवर आला, लुगडं नेसला, गजरा माळला. फक्त मिशी काढली नाही.

"मग?"

"मग काय? पदर तोंडावर घेऊन तीन अंक काढले. लोकांना वाटलं लाजते." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या त्या इंग्रजांत भांडतात?"

भांडतात म्हणजे! कुणाचं नाव कितव्या ओळीत आणि केवढं, हे तिथे करारात ठरतं. अमेरिकेतल्या वुडस्टॉक महोत्सववाल्यांनी १९६९ साली यावर नामी उपाय काढला होता, तो मी आबांना सांगितला. त्यांच्या पोस्टरवर गिटारीवर पांढरा पक्षी बसलेला, आणि प्रत्येक दिवसाची नावं सरळ एबीसीडीच्या क्रमाने. म्हणून रविशंकर आणि बाकीचे सगळे एकाच मापात.

"सतारवाले रविशंकर?"

"तेच. पहिल्या रात्री वाजवलं. पाऊस पडत होता."

"पावसात सतार?" आबांचा आवाज चढला. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून "श्शू" केलं, मला. "तरफांच्या तारा उतरल्या असतील रे सगळ्या! छप्पर नाही घातलं नीट?" पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या आयोजकांबद्दल आबांनी जे मत दिलं ते मी इथे लिहीत नाही. पण मला ते पटलं.

मग त्यांनी विचारलं की मुख्य नट आजारी पडला तर? मी २०१५ ची गोष्ट सांगितली. फू फायटर्स बँडचा डेव्ह ग्रोल स्वीडनमध्ये स्टेजवरून पडला, पाय मोडला, आणि डॉक्टरने पाय धरून ठेवलेला असताना त्याने तो कार्यक्रम पुरा केला. ग्लॅस्टनबरी मात्र चुकलं. त्यांच्या जागी फ्लॉरेन्सचा बँड मुख्य झाला. आबांना त्यात फार नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे अफझलखान विहिरीत पडला होता.

"आणि म्हातारे झाले की?"

इथे मला जरा गलबललं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, आबा, ओझी ऑस्बर्न म्हणून एक हेवी मेटल गायक होता. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमला, आपल्या गावात, शेवटचं गायला. उभं राहवत नव्हतं, सिंहासनावर बसून गायला. २२ जुलैला गेला.

"बसून गायला?" आबांचा चेहरा उजळला. "मग तो खरा गवई. उभ्याने काय कोणीही ओरडतो."

एवढ्या वर्षांत हेवी मेटलला आमच्या तालुक्यात मिळालेली ही पहिली दाद. मी खुशीत आलो. आबांनी तेवढ्यात पोस्टर बोटाने वर-खाली केलं आणि विचारलं, "आमच्या केसरबाईंचं नाव आहे कुठे?" केरी इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या केसरबाई केरकरांचं नाव नसलेली गाणाऱ्यांची यादी आबांच्या लेखी यादीच नव्हे. मी सांगितलं, या यादीत नाही, पण १९७७ च्या एका यादीत आहे. अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे आणि चक बेरीचं रॉक अँड रोलही. गोवा आणि रॉक एकाच लाइनअपमध्ये, आणि तोही तारकांमधल्या अवकाशात निघून गेलेला!

"वर नाव कोणाचं? बाईंचं की त्याचं?"

"तिथे तसं वर-खाली नाही, आबा."

"ऐकायला कोण होतं?"

"अजून कोणी भेटलेलं नाही."

आबांनी मान वळवून मंडपभर पसरलेल्या, सतरंज्यांवर घोरणाऱ्या जनतेकडे पाहिलं. "म्हणजे आमच्या तिसऱ्या अंकासारखंच."

आणि नेमकी याच क्षणी ती घोषणा झाली. तिसऱ्या रांगेतले, निळ्या शर्टातले गृहस्थ. मोबाईल आबांच्या हातात होता. उजेड आबांच्या तोंडावर पडलेला होता. त्यांनी तो शांतपणे उलटा करून मांडीवर ठेवला आणि बाकी सगळ्या गावाबरोबर वळून माझ्याकडे पाहिलं. वर मानही हलवली, आजकालची पिढी अशी.

मला राग आबांचा नाही. राग माईकवाल्याचा आहे. कलाकारांचं लक्ष विचलित होतं म्हणे! राजे साखळदंडात उभे, औरंगजेब डोळे वटारून पुढे सरकलेला, आणि याने त्या आधीच्या पाव तासात नाटक किती वेळा थांबवलं होतं ते त्याने आठवावं. "संभाजीराजांच्या भूमिकेतील कलाकारास किराणा दुकानदारांकडून १०१ रुपये." "औरंगजेबास त्यांच्या मावशीकडून ५१ रुपये." औरंगजेबाने तलवार काखेत धरून मावशीला नमस्कार केला. "एमएच पासिंगची पांढरी गाडी कोणाची आहे ती हलवावी, रस्ता अडला आहे." या कशाने लक्ष विचलित झालं नाही. माझ्या हातात नसलेल्या मोबाईलने झालं.

मग आबा उठले. "थांब, मी मिटवतो," म्हणाले. काठी टेकत माईकपर्यंत गेले, कानात काही बोलले, आणि दोन मिनिटांत तीच भोंग्यांची चौकडी पुन्हा गरजली: तिसऱ्या रांगेतील निळ्या शर्टातील गृहस्थांनी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी म्हणून सर्व कलाकारांना मिळून ५०१ रुपये जाहीर केले आहेत. टाळ्या झाल्या. झोपलेलेही उठले. राजांनी साखळदंडासकट हात जोडले. मी खिशात हात घातला तेव्हा आबांनी हळूच सांगितलं, "चिल्लर एक रुपया माझ्याकडून."

पोस्टर शेवटी पहाटे घरी येऊन, पडवीत उभं राहून पूर्ण पाहिलं. काय होतं त्यात? वरची तीन नावं अशी, की ती मी कॉलेजात वहीच्या मागच्या पानावर काढायचो. तेच तिघे, फिरवून फिरवून. आयर्न मेडन बँडवाले इंग्लंडातल्या डोनिंग्टनच्या डाउनलोड महोत्सवात २००३ साली मुख्य होते आणि २०२२ सालीही मुख्यच. त्यांनी वाजवावंच, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मधल्या वीस वर्षांत ज्या पोरांनी गिटारी घेतल्या त्यांना किती दिवस दुपारी दोनच्या उन्हात, मुंगळ्यांच्या टायपात उभं करणार? आणि ज्याची मी हेलसिंकी-पॅरिस करून गणितं मांडली तो बँड नाहीच. तो मधले तीन दिवस खरंच झोपा काढतोय. तळाशी एक ओळ: आणखी नावं लवकरच. म्हणजे अजून महिनाभर जीव टांगलेला. यांची तिकिटं यादी यायच्या आधीच विकायला काढलेली असतात, लोक आंधळेपणाने घेतातही. आमच्या जत्रेचं नाटक निदान फुकट असतं. म्हणजे असायचं.

खेदाची गोष्ट अशी की जर्मनीत वाकन नावाचं एक खेडं आहे, वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या गावाएवढी. १९९० साली तिथल्या पोरांनी हेवी मेटलची जत्रा सुरू केली. आता दर उन्हाळ्यात ऐंशी हजार माणसं येतात, बियरसाठी जमिनीखालून नळ टाकलेत, आणि गावच्या अग्निशमन दलाचा बँडसुद्धा स्टेजवर वाजवतो. गावच्या अग्निशमन दलाचा! चिखलही आमच्यासारखाच, २०२३ साली एवढा झाला की हजारो लोकांना माघारी पाठवावं लागलं. चिखल आमच्याकडे आहे. वस्ती आहे. भोंगे तर आहेतच. हे मी आमच्या देवस्थान समितीच्या एका सदस्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, आधी त्या रात्रीचे पाचशे जमा करा, पावती फाडून ठेवली आहे.

काल आबांच्या नातवाने व्हॉट्सअॅपवर पुढच्या उत्सवाच्या हस्तपत्रिकेचं प्रूफ पाठवलं. आबांनी स्वतः मांडणी केली आहे. वर देवाचं नाव, खाली नाटकाचं, आणि त्याच्या खाली, संभाजीराजांच्या भूमिकेतल्या नटापेक्षा, दिग्दर्शकापेक्षा, हार्मोनियमवाल्यापेक्षा मोठ्या, ठसठशीत अक्षरांत: "मुख्य सौजन्य", आणि पुढे माझं नाव. आडनावात एक अक्षर चुकलंय. रक्कम बरोबर आहे की नाही ते मला सांगता येत नाही, कारण ती त्यांनीच ठरवली आहे.