ती आग पुलगावची आहे

आज सकाळी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक रील आली. काळ्या आभाळात एकदम उसळलेला नारिंगी लोळ, मागे एका युद्धपटातले दणदणीत संगीत, नायकाची गर्जना आणि खाली ठळक हिंदी अक्षरांत ‘घर में घुसकर मारा’. दुपारपर्यंत तिच्याखाली तिरंग्यांची आणि टाळ्यांची रांग लागली होती. ज्यांनी ते तिरंगे टाकले त्यांतल्या कित्येकांच्या खिडक्यांच्या काचा याच आगीच्या धक्क्याने फुटलेल्या आहेत, तरी त्यांना ती ओळखू आली नाही. मी ओळखली, कारण रीलच्या डाव्या कोपऱ्यात लोळाच्या उजेडात जी पाण्याची टाकी उभी दिसते ती आपल्याच गावची आहे. ही आग सीमेपलीकडची नाही. ती वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोतली, 30 आणि 31 मे 2016 च्या मधल्या रात्रीची आहे आणि तिच्यात आपलीच माणसे गेली आहेत.

त्या रात्री आम्ही उकाड्यामुळे अंगणात बाजा टाकून झोपलो होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर, एकच्या सुमारास, पहिला आवाज झाला आणि बाजेखालची जमीन हलली. वीज पडली असे आधी वाटले, पण आभाळात एकही ढग नव्हता आणि डेपोच्या बाजूचे सगळे क्षितिज लाल झाले होते. मग दुसरा आवाज, मग तिसरा. कुणीतरी ट्रॅक्टर काढला, बायका-पोरे ट्रॉलीत चढली, गुरांचे दावे सोडून दिले आणि आम्ही देवळीच्या दिशेने निघालो. माझी आई मात्र घराच्या दारातून हलेना. "बियाणं इथं ठेवून कुठं जाता गा? मिरग तोंडावर आला," असे म्हणून ती आत गेली आणि आदल्या आठवड्यात उधारीवर आणलेली कपाशीची पाकिटे ओट्यात भरूनच बाहेर आली. सकाळ होईपर्यंत ती पाकिटे तिने मांडीवरून खाली ठेवली नाहीत.

आता माझे म्हणणे. आपल्याला युद्धाचे जे मनोरंजन मिळते, चित्रपटातले, मोबाईलच्या खेळातले किंवा वृत्तवाहिन्यांवरचे, त्यात दारूगोळा हा नेहमी कुणाच्या तरी हातातून सुटताना दिसतो. तो कुठे बनतो, कोण उचलतो, कोण मोजतो, कोण रात्रपाळीला त्याच्या शेजारी जागत बसतो, हे त्यात कधीही येत नाही. विदर्भातल्या माणसाने निदान हे विसरू नये, कारण हे काम आपल्याच दारात चालते. पुलगावचा डेपो देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. भद्रावतीला, अंबाझरीला, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला कारखाने आहेत. जवाहरनगरच्या कारखान्यात 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट होऊन किमान आठ कामगार गेले. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये बाजारगावजवळच्या खासगी कारखान्यात नऊ गेले, आणि त्यांत सहा बायका होत्या. या बायकांवर कुणी चित्रपट काढला? साठ्याच्या नोंदवह्यांवर आणि पॅकिंगच्या पाळीवर तिकीट काढून कोण येणार, असे निर्माते म्हणतील, आणि तेही खरेच आहे म्हणा.

पुलगावला त्या रात्री रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या शेडला आग लागली होती. मेलेल्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि बाकीचे बहुतेक अग्निशमनाचे लोक होते. आम्ही ट्रॉलीत बसून आगीपासून लांब जात होतो त्याच वेळी हे लोक पाण्याचे पाईप घेऊन तिच्याकडे जात होते, शेजारच्या शेडमध्ये काय ठेवले आहे हे आपल्या सगळ्यांपेक्षा चांगले माहीत असताना. डेपोजवळच्या आगरगावच्या घरांना भेगा पडल्या एवढ्यावर आपले निभावले, ते त्यांच्यामुळे. आणि आज त्यांच्या चितेवर आपण नायकाची गर्जना चिकटवून टाळ्या वाजवतो आहोत! माझा संताप का होऊ नये?

पडद्याला मेलेला माणूस हवा असतो, पण त्याच्या सोयीने मेलेला. 1997 च्या ‘बॉर्डर’ चित्रपटात 1971 च्या लोंगेवालाच्या लढाईतला भैरोंसिंह पडद्यावर शहीद होतो आणि थिएटर हुंदके देते. खरे भैरोंसिंह राठोड त्या लढाईतून जिवंत परतले, पुढे पन्नासहून अधिक वर्षे जगले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरला वारले. शौर्य गाजवून घरी परतलेला सैनिक तिथे पुरेसा वाटला नाही. आणि पुलगावचा फायरमन खरोखर जळून मेला, तर तो कथेत बसत नाही, कारण त्याच्यासमोर शत्रू नव्हता. त्या चित्रपटाने मीही रडलो होतो, आणि तो पाहून भरतीला उभी राहिलेली पोरे आपल्या तालुक्यातही आहेत, हे मान्य करतो. माझा पुतण्या आजही पहाटे कानात तीच गाणी लावून रस्त्याने धावतो. त्याला मी थांबवणार नाही.

चित्रपट निदान स्वतःला चित्रपट म्हणवतो. वृत्तवाहिन्यांचे काय करायचे? मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत स्टुडिओत विमाने उतरवली गेली, नकाशांवर बाण पळवले गेले आणि तासन् तास हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवला गेला. बैरूत बंदरातल्या 2020 च्या स्फोटाचा व्हिडिओ भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरला आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला तो जुना असल्याचे जाहीर करावे लागले. संगणकीय खेळातली दृश्येही खऱ्या युद्धाची म्हणून खपतात. ‘आर्मा 3’ नावाचा खेळ बनवणाऱ्या चेक कंपनीला तर 2022 मध्येच निवेदन काढून सांगावे लागले होते की ही आमच्या खेळातली दृश्ये आहेत. भोंग्याबद्दल शेवटी 10 मे 2025 रोजी गृह मंत्रालयाने वाहिन्यांना लेखी सूचना दिली की जनजागृतीखेरीज हा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, कारण लोकांना त्याची सवय होईल आणि खरा भोंगा वाजला तरी ते उठणार नाहीत.

आमच्या घरी मात्र उलटे झाले. त्या दिवसांत शेजारच्या टीव्हीवर तो भोंगा वाजला की आई हातातले निवडणे सोडून उठायची आणि डेपोच्या बाजूला पाहत ओसरीत उभी राहायची. टीव्हीच आहे, असे सांगितले तरी तिला पटत नसे. एकदा तर तिने कोठीच्या खोलीत जाऊन बियाण्याची पाकिटे जागेवर आहेत का ते पाहिले. ज्या वाहिनीवाल्यांना हा नुसता मागचा आवाज वाटतो, त्यांनी एकदा आमच्या ओसरीत येऊन बसावे.

आणखी एक तारीख ग्रुपवरच्या देशभक्तांना विचारतो, आठवते का पाहा : 20 नोव्हेंबर 2018. आपल्या डेपोजवळच, सोनेगावच्या मैदानावर जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांतले बहुतेक कंत्राटदाराकडे रोजीने जाणारे आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. वावरात काम नाही म्हणून पेट्या उचलायला गेलेली माणसे. त्यांच्यासाठी तिरंग्याची चिन्हे टाकलेली मला तरी आठवत नाहीत.

हे सगळे लिहून झाल्यावर रील कुणी बनवली ते कळले, आणि माझा आवाज थोडा खाली आला. दहावीतला पोरगा आहे, आमच्याच गल्लीतला. त्याला बोलावून विचारले तर म्हणाला, "काका, हे आपल्याकडचं होय? मले तं वाटलं बॉर्डरवरचं आहे. मी तं म्युझिक लावलं फक्त." त्या रात्री हाच पोरगा आमच्या ट्रॉलीत होता, माझ्या आईच्या पायाशी गाढ झोपलेला. एवढ्याशा जिवाला काय आठवणार? पण नंतरही त्याला कुणी सांगितले नाही. पारावर बसून मोबाईलवर खेळताना कोणत्या बंदुकीला 5.56 ची गोळी लागते आणि कोणत्या बंदुकीला 7.62 ची, हे त्याला तोंडपाठ आहे. डेपोत काय झाले होते हे शाळेत, घरात, मंडळात एकाही मोठ्या माणसाने त्याला सांगितलेले नाही. त्याने रील लगेच काढून टाकली. ती पुढे पाठवणाऱ्या मोठ्या माणसांनी अजून काढलेली नाही.

अ‍ॅडमिन साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, देशभक्तीची पोस्ट आहे, कशी काढायला सांगू? साहेब, तुमचे सख्खे भाऊजी डेपोत कामाला जातात. त्यांना विचारून पाहा.

राहिला प्रश्न गणपतीच्या देखाव्याचा. यंदा हवाई हल्ल्याचा चलत देखावा बसवायचा, धुराचे यंत्र आणि भोंगा भाड्याने आणायचा, असे मंडळात ठरते आहे म्हणे. बसवा, माझी वर्गणी नेहमीप्रमाणे मिळेल. पण भोंगा वाजवायचा नाही, कारण मांडवापासून आमची ओसरी हाकेच्या अंतरावर आहे. आणि विमानांच्या शेजारी एक आगीचा बंब उभा करायचा, पाईप धरलेल्या माणसांसह. पुठ्ठ्याचा असला तरी चालेल. त्याचा खर्च मी देतो, पावती वेगळी फाडा.