घोडा मन नाही, देहबोली वाचतो

‘प्रशिक्षकाने मनात पक्कं धरलं की घोडा आपोआप शिकतो,’ असा मेसेज फिरतो आहे. तो अर्धाच खरा.

बर्लिनचा हान्स हा घोडा टापा आपटून गणितं सोडवतो, अशी ख्याती होती. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने तपासणी करून १९०७ मध्ये उलगडा केला: विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्स चुकायचा. एरवी अपेक्षित आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स टापा थांबवायचा. (मालकालाही याचा पत्ता नव्हता!)

म्हणजे अपेक्षा पोचते ती शरीरातून. ‘हा बुजणारच’ असं धरून बसलेला स्वार लगाम आवळतो, मग घोडाही बिथरतो. पण नुसत्या आत्मविश्वासाने भागत नाही. योग्य प्रतिसाद मिळताच लगामाचा ताण सोडला नाही, तर घोडा शिकणार काय? आणि अचानक अडू लागला, तर कुठे दुखतंय का, हे बघायला आधी पाठ, दात, खोगीर तपासा.