ऑटिझम, आरोग्य विमा आणि तो फिरणारा मेसेज

मागच्या आठवड्यात थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर एक तरुण आई माझ्या शेजारी येऊन बसली. रावपुऱ्यात राहते, मुलगा साडेतीन वर्षांचा, आत स्पीच थेरपी चालू होती. पिशवीतून तिनं विम्याचा प्रपोजल फॉर्म काढला. "ताई, सगळं भरलंय. हा एक रकाना तेवढा रिकामा ठेवलाय. चालेल ना?" मुलाला आधीपासून काही आजार, विकार किंवा दिव्यांगत्व आहे का, असं त्या रकान्यात विचारलं होतं. मग तिनं मोबाइलवरचा मेसेज दाखवला. तोच मेसेज मला माझ्या नणंदेकडून आणि आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडूनही आला आहे. बडोद्यातल्या मराठी घरांत तो बराच फिरतोय. मजकूर असा:

"ऑटिझम असलेल्या मुलाला कोणतीही कंपनी हेल्थ इन्शुरन्स देत नाही. म्हणून फॉर्मवर निदान लिहूच नका, पाच वर्षं गेली की कंपनी काही विचारू शकत नाही. दिव्यांगाचं कार्ड काढू नका, मुलावर कायमचा शिक्का बसतो. सरकारी योजना कागदावरच असतात. आणि तसाही विम्याचा उपयोग नाही, थेरपीचे पैसे कोणीच देत नाही."

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची चूक आहेत, आणि निदान लपवायला सांगणारं वाक्य तर घर बुडवणारं आहे. म्हणून आधी तेच घेते.

आमच्या घरी हे होऊन गेलं आहे. 2018 मध्ये एजंट फॉर्म घेऊन आला तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता, निदान होऊन काही महिनेच झाले होते. मी विचारलं, हे कुठे लिहायचं? तो म्हणाला, "कंई वांधो नही बेन, ए लखवानी जरूर नथी." म्हणजे, काही हरकत नाही, ते लिहायची गरज नाही. आम्हालाही तेव्हा तेच ऐकायचं होतं. सही करून मोकळे झालो. पुढच्या दिवाळीच्या सुटीत कमाटी बागेत मुलगा घसरगुंडीवरून पडला आणि कोपराचं हाड मोडलं. हॉस्पिटलात तो कुणाला हात लावू देईना, ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांनी विचारलं, काही निदान आहे का, काही औषधं चालू आहेत का? नवऱ्यानं खरं ते सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून असं काही लपवणं म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळ. केस पेपरच्या पहिल्याच ओळीत ते लिहिलं गेलं, आणि तोच केस पेपर हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या काउंटरवरून, कंपनीकडे गेला. संध्याकाळी कॅशलेस नामंजूर. कारण, माहिती दडवली. हाड मोडण्याचा आणि ऑटिझमचा काय संबंध, असं मी काउंटरवर रडत विचारलं. तिथला माणूस शांतपणे म्हणाला, "बेन, सही तुमची आहे." महिन्याभरात पॉलिसीही रद्द झाली.

मुलाला हॉस्पिटलात न्यावं लागलं की निदान बाहेर येणारच. आपण नाही सांगितलं तर मुलाच्या वागण्यावरून डॉक्टर विचारतील, जुन्या फाइलीत असेल, थेरपीच्या पावतीवर असेल.

पाच वर्षांची गोष्ट अर्धवट कानावर पडल्यानं मेसेजात आली आहे. 2024 च्या नियमांनी आरोग्य विम्याचा मोरॅटोरियम 8 वर्षांवरून 60 महिन्यांवर आणला, हे खरं. सलग 60 महिने हप्ते भरले की माहिती दिली नाही या कारणानं कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पण त्याच नियमात अपवाद आहे: फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत नाही. निदानाचा कागद घरात असताना ठरवून ‘नाही’वर खूण करायची, याला फसवणूक म्हटलं तर आपण काय उत्तर देणार? आणि त्या साठ महिन्यांत मूल आजारी पडणार नाही, याची हमी कोण देतं?

ज्यांनी आधीच लपवलं आहे त्यांना माझं सांगणं असं. पॉलिसी नवी असेल तर सोबत आलेली प्रपोजल फॉर्मची प्रत काढून वाचा. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांचा फ्री लूक काळ असतो, त्यात पॉलिसी परत करून नीट माहितीसह नवी मागता येते. जुनी असेल तर कंपनीला लेखी कळवा. ते हप्ता वाढवतील, प्रतीक्षा काळ लावतील (तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही), कदाचित पॉलिसी काढूनही घेतील. हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण ते आज घरात बसून कळलेलं बरं, ऑपरेशन थिएटरच्या दारात कळण्यापेक्षा.

आता "कोणतीही कंपनी देत नाही" याबद्दल. पूर्वी बहुतेक ठिकाणी तोंडीच नकार मिळायचा, त्यातूनच हे वाक्य रूढ झालं. पण 2022 च्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं व्हीलचेअर वापरणाऱ्या एका व्यक्तीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की जगण्याच्या हक्कात आरोग्याचा हक्क येतो, आणि दिव्यांगांसाठी विम्याची सोय व्हायलाच हवी. त्यानंतर 27 फेब्रुवारी 2023 ला विमा नियामक आयआरडीएआयनं परिपत्रक काढलं: आरोग्य विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी द्यायलाच हवी. ऑटिझम हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांपैकी एक आहे, म्हणजे आपली मुलं यात आली.

या मेसेजला उत्तर म्हणून काही जण 2017 चा मानसिक आरोग्य कायदा पुढे करतात. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला, हे त्याचं कलम 21 सांगतं आणि ते चांगलंच आहे. पण ऑटिझम हा मानसिक आजार नाही. कंपनीशी बोलताना 2016 चा कायदा आणि 2023 चं परिपत्रक यांवरच बोट ठेवा, नाहीतर समोरचा तिथेच आपल्याला अडकवतो.

कंपनी हप्ता वाढवू शकते आणि आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ लावू शकते. तो काळ आता जास्तीत जास्त 36 महिन्यांचा, पूर्वी 48 होता. आणि तो फक्त त्या निदानाशी संबंधित उपचारांना लागतो. सुरुवातीचे 30 दिवस सोडले तर डेंग्यू, न्यूमोनिया यांना तो लागू नाही, अपघात तर पहिल्या दिवसापासून धरतात. मुलाला फिट्स येत असतील तर ते वेगळं लिहा. 2019 च्या नियमांनुसार काही ठरावीक आजार आपल्या संमतीनं कायमचे वगळून पॉलिसी देता येते. त्या यादीत अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार आहे, ऑटिझम नाही. हा फरक एजंटांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतो.

नकार आलाच तर एकच वाक्य बोलायचं: "कारणासह लेखी द्या." 2024 मध्ये मी ते फोनवर बोलले तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. त्या कंपनीनं लेखी नकार दिला, दुसरीनं वाढीव हप्त्यावर पॉलिसी दिली. लेखी कागद हातात असला की आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर तक्रार करता येते. क्लेमचा वाद असेल तर विमा लोकपालांकडे जाता येतं, आपल्यासाठी त्यांचं कार्यालय अहमदाबादला. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

थेरपीबद्दलचं वाक्य अर्धं खरं, असं वर म्हटलं ते यासाठी: नेहमीची पॉलिसी मूल दाखल झालं तर पैसे देते. आठवड्याला दोनदा स्पीच, दोनदा ऑक्युपेशनल थेरपी, हा खर्च ओपीडीचा. पॉलिसीत ओपीडीची सोय स्पष्ट लिहिलेली नसेल तर तो मिळत नाही. हे आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर भांडत बसावं लागणार नाही.

पण म्हणून विमा निरुपयोगी? आमच्या मुलाला गेल्या पावसाळ्यानंतर डेंग्यू झाला. चार दिवस सलाईन. जनरल वॉर्डात सहा खाटा, ट्यूबलाइटची घरघर, शेजारच्या पेशंटच्या फोनची रिंग. पहिल्या दोन तासांत त्यानं सुई तीनदा उपसून काढली. कानांवर हात घट्ट दाबून तो खाटेखाली जाऊन बसला आणि मी फरशीवर त्याच्यासमोर बसून त्याच्या आवडत्या बसगाड्यांचे नंबर म्हणत राहिले. सिंगल रूम मिळाली, दिवा मालवला, तेव्हा कुठे सलाईन लागली. ही खोली आपल्या मुलांच्या बाबतीत उपचाराचाच भाग असते. म्हणून पॉलिसी घेताना मी सगळ्यात आधी रूम रेंटची मर्यादा बघते. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कित्येक पॉलिसींत नुसतं खोलीचं भाडंच नाही, डॉक्टरांच्या फीपासून बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. हप्ता थोडा जास्त गेला तरी चालेल, पण रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. आम्हाला त्या वेळी तिचाच आधार झाला.

थेरपीसाठी जी योजना आहे, ती नेमकी "कागदावरच्या" सरकारी योजनांपैकी एक. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना. 1999 च्या कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी. वर्षाला 1 लाखापर्यंतचं संरक्षण, आधी कसलीही वैद्यकीय तपासणी नाही, वय कितीही असो. नोंदणीचे दारिद्र्यरेषेवरच्या (एपीएल) कुटुंबाला 500 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या (बीपीएल) कुटुंबाला 250. नूतनीकरण त्याहून स्वस्त. यात ओपीडी आणि चालू थेरपी दोन्ही येतात. अर्थात प्रत्येक प्रकाराला आतली वेगळी मर्यादा आहे, 1 लाख सगळे थेरपीलाच मिळत नाहीत. वर्षभराच्या थेरपीचा सगळा खर्च यातून निघत नाही, पण काही महिन्यांचा निघतो, आणि आमच्यासारख्या घरात तो फार असतो. यात आधी खर्च करून मग क्लेम करायचा असतो, म्हणून शिस्त लागते. मी एक प्लास्टिकची फाइल केली आहे. डॉक्टरांचं थेरपी लिहून दिलेलं पत्र सगळ्यात वर, त्याखाली तारखेनुसार मूळ पावत्या, पावतीवर थेरपिस्टचा शिक्का, सही आणि नोंदणी क्रमांक. "योजना मिळत नाही" म्हणणाऱ्या तीन घरांची कागदपत्रं मी पाहिली. दोघांच्या पावत्यांवर मुलाचं नाव अपुरं होतं, तिसऱ्यानं नूतनीकरणच केलेलं नव्हतं. निरामयचं वर्ष 31 मार्चला संपतं.

बाकीच्या योजना भराभर सांगते. मकरपुरा जीआयडीसीत काम करणाऱ्या, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू असतो. त्यात ओपीडीही येते, आणि पूर्णपणे आईवडिलांवर अवलंबून असलेल्या अक्षम मुलाला वयाची अट न लावता अवलंबित धरतात. हे फार कमी घरांना माहीत आहे. ज्यांच्याकडे आयुष्मानचं, म्हणजे आपण ज्याला ‘मा कार्ड’ म्हणतो ते आहे, त्यांना गुजरातमध्ये जुलै 2023 पासून कुटुंबामागे वर्षाला 10 लाखांपर्यंत दाखल होऊन उपचार मिळतात, प्रतीक्षा काळ नाही. थेरपी त्यात नाही. मुलांच्या तपासणीसाठी आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात 18 वर्षांपर्यंत मोफत सेवा मिळते. आणि नोकरीतली ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला ईमेल टाका: दिव्यांग मुलाला वयोमर्यादा आहे का? उत्तर जपून ठेवा.

राहिला ‘शिक्का’. आम्हीही कार्डाला दीड वर्ष टाळत होतो. सासूबाई म्हणायच्या, सुधारला तर? सयाजी हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली, चाळीस मुद्द्यांची प्रश्नावली भरून घेतली, दिव्यांगत्वाची टक्केवारी आली आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र आलं. निरामयला प्रमाणपत्र लागतं. 2023 च्या परिपत्रकानुसार निघालेल्या पॉलिसींनाही तेच मागतात. जुन्या करपद्धतीत प्राप्तिकराचं विवरणपत्र भरणाऱ्या पालकाला 40 टक्के दिव्यांगत्वापासून 75,000 आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000 रुपयांची वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही झालेला असो. हे कार्ड आपण दाखवू तिथेच दिसतं. शाळेच्या दाखल्यावर, आधारवर त्याची नोंद होत नाही. माझा मुलगा कार्डाच्या आधी जसा होता तसाच आजही आहे, बसगाड्यांचे नंबर पाठ असलेला, वरणभाताला दुसरा पदार्थ लागू न देणारा. सासूबाई आता नातेवाइकांना स्वतःहून सांगतात, कार्ड काढा म्हणून.

त्या बाकावर मी यातलं निम्मंच बोलू शकले, अर्ध्या तासाचं सेशन संपत आलं होतं. तिनं पर्समधून पेन काढलं आणि रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, निदान वय अडीच वर्षे, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू, फिट्स नाहीत, औषध नाही. जागा पुरली नाही, शेवटचे दोन शब्द तिनं समासात लिहिले. मी म्हटलं, सही करण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. ती तिसऱ्या पानाचा फोटो काढत असतानाच दार उघडलं आणि तिचा मुलगा धावत येऊन तिच्या ओढणीत शिरला.