नाना, चालू गाडीची बॅटरी सोडू नका

'जुन्या गाडीचं चार्जिंग घरीच तपासा, मेकॅनिकचे पैसे वाचवा' असा एक मेसेज आठवडाभर फिरतोय. पारोळ्याच्या आतेभावाने तो मला दोनदा पाठवला, तोवर मी दुर्लक्ष केलं. पण अमळनेरच्या आमच्या नानांनी तो वाचला आणि १० नंबरचा पाना घेऊन थेट बॉनेट उघडलं.

त्यातला पहिला उपाय असा: गाडी चालू ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी बंद पडली तर डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) खराब, चालू राहिली तर बॅटरी खराब.

नानांची एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली, मारुती ८०० सकाळी सेल्फ मारताना कण्हायची. त्यांनी वायर काढली, वर रेसही दिली. "बंद नही पडनी, म्हणजे डायनामो बेस शे," असं म्हणेपर्यंत डावा हेडलाईट पांढराफेक पेटला आणि गेला. टेपही मुका झाला. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, वाचला हे नशीब.

आपल्याकडे मेकॅनिक अजून डायनामो म्हणतात, पण गाडीत असतो आल्टरनेटर. तो करंट देत असताना बॅटरी अचानक सुटली, तर त्याचं फील्ड, म्हणजे आतलं चुंबकत्व, क्षणात उतरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. किती, ते आयएसओ १६७५०-२ या मानकात बघा. १२ व्होल्टच्या गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग तपासायला तिथे ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलाय, ४० ते ४०० मिलिसेकंदांचा. जगभरचे इंजिनिअर ज्या प्रसंगापासून भाग वाचवायला धडपडतात, तो प्रसंग हा मेसेज तुम्हाला हाताने घडवायला सांगतोय!

बरं, एवढं करून उत्तर तरी मिळतं का? अर्धवट चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरवरही गाडी चालू राहू शकते. मेसेजच्या हिशोबाने नानांची बॅटरी खराब ठरली आणि ते नवी आणायला निघाले होते.

डायनामोच्या काळातल्या, पॉइंट-कार्बोरेटरवाल्या अँबॅसिडरला हा प्रकार बहुतेकदा पचून जायचा, हे मान्य. तिच्यात जळायला इलेक्ट्रॉनिक काही नव्हतंच.

संध्याकाळी मी साधा मीटर घेऊन गेलो. गाडी चालू, बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट. तिथे साधारण १३.८ ते १४.४ हवेत. आल्टरनेटरचा आउटपुटचा बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यामध्ये मात्र १४.३. म्हणजे तो बिचारा काम करत होता. मग एक टोक इंजिनच्या ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं: १.९ व्होल्ट! इथे ०.२ च्या आत यायला हवं, म्हणजे बाकीचे व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच गळत होते. अर्थिंगची वायर गिअरबॉक्सला जिथे आवळलेली असते, तिथला बोल्ट सोडला. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज आणि ऑइल-मातीचा थर. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळलं. बॅटरीवर १४.१. सेल्फचं कण्हणंही त्यानेच गेलं. खर्च शून्य, बल्ब आणि टेप सोडून.

मेसेजमधले बाकीचे उपाय थोडक्यात. बॅटरीतलं पाणी कमी झालं की ॲसिड घाला म्हणे! अहो, उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. भुसावळच्या मे महिन्यात तर पातळी भराभर उतरते, पण घालायचं फक्त डिस्टिल्ड वॉटर. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हे आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला लागू नाही. कोल्ड्रिंकने टर्मिनल साफ होतात, होतात की, पण चिकटा उरतो. गरम पाणी आणि खायचा सोडा घ्या, फक्त सेलमध्ये जाऊ देऊ नका. आणि तासभर हायवेला फिरवून पार उतरलेली बॅटरी फुल होत नाही. तिला चार्जरवर कित्येक तास लागतात.

नानांनी मीटर ठेवून घेतलाय. ग्रुपवरचा मेसेज काढा म्हटलं, तर म्हणाले, "सोड्याचं तेवढं खाली लिहून देतो."