चालतील, म्हणाला होता

परवा आईचा फोन आला तेव्हा मी गेममधल्या एका किल्ल्याच्या दारात उभा होतो. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आईने विचारलं, "तिकडे पाऊस पडतोय का रे एवढा?" बाहेर कडकडीत ऊन होतं. मी खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं आणि म्हणालो, "हो, धो धो." माझ्या १४ मिलिमीटर जाडीच्या लॅपटॉपमधला चिमुकला पंखा जिवाच्या आकांताने फिरतोय, हे आईला समजावायचं तर आधी दुसरंच काहीतरी समजावावं लागलं असतं. पंचेचाळिशीतला आपला मुलगा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तलवार घेऊन किल्ल्याच्या दारात काय करतोय, ते.

हा सडपातळ लॅपटॉप मी पाठीमुळे घेतला. आधीचा पावणेतीन किलोचा होता, चार्जर धरून साडेतीन. सहा वर्षं तो खांद्याला लावून हिंडल्यावर माझा डावा खांदा इतका खाली आला, की प्रत्येक फोटोत मी कुणाचं तरी गुपित ऐकायला वाकल्यासारखा दिसू लागलो. नवा फक्त १.२ किलोचा. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा वाटलं, आत काहीतरी घालायचं राहून गेलंय. ही शंका पुढे खरी निघाली.

घेताना मी एकच प्रश्न विचारला होता, "यावर गेम चालतील ना?" विकणारा म्हणाला, "चालतील की!" मी त्याला दोष देत नाही. मराठी भाषेवर त्याचं प्रभुत्व होतं. चालतील असंच तो म्हणाला होता. धावतील असं म्हणालाच नव्हता.

बारीक असण्याचं हे वेड तसं जुनं. २००८ च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्स यांनी साध्या कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. जाडीत जाडी, तर १.९४ सेंटिमीटर. माझा लॅपटॉप त्या घराण्यातला नाही, पण पाकिटात मावण्याची हौस त्यालाही आहे. मावतोही. फक्त एकदा गेम खेळून झाला की त्याला पाकिटात घालायची कुणाची हिंमत होणार नाही.

पहिल्या दिवशी गेम सुरू केला आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. सगळं कसं लोण्यासारखं मऊसूत! भाच्याला तिथल्या तिथे मेसेज टाकला, 'उगाच म्हणतोस, जाड लॅपटॉप लागतो म्हणून.' मेसेज लिहून मान वर केली, तर नायक पाण्यातून चालल्यासारखा चालत होता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे नव्याचे २८ सेकंद निघाले. हा आकडा मी गमतीत टाकलेला नाही. अशा बारीक लॅपटॉपमधला प्रोसेसर पुष्कळदा सतत १५ वॅटवर चालायच्या बेताने बनवलेला असतो. सुरुवातीला मात्र त्याला याच्या दुपटी-तिपटीने वीज ओढायची मुभा मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी ही मुभा २८ सेकंदांची ठेवलेली असते. एखादं कागदपत्र उघडायला किंवा वेबपान आणायला तेवढी उडी पुरते. गेमला पुरत नाही. त्यातून माझ्या लॅपटॉपचं नशीब असं, की त्याच्या उमेदीचा तो सगळा काळ गेम बनवणाऱ्यांची एकामागून एक येणारी बोधचिन्हं दाखवण्यातच खर्च होतो. ती चिन्हं काय फिरतात! अशी गुळगुळीत चिन्हं तुम्ही पाहिली नसतील. खेळ सुरू होतो तेव्हा साहेब दमलेले असतात.

१५ वॅट म्हणजे किती, तर जुन्या लांब ट्यूबलाइटला ४० लागायचे. आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसणारं 'आरटीएक्स ४०९०' हे ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॅटपर्यंत ओढतं. म्हणजे माझ्यासारखे ३० जण एकीकडे आणि ते एकटं एकीकडे. शिवाय माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड असं वेगळं नाहीच. प्रोसेसरच्याच पोटात एक खोली ग्राफिक्सला दिलेली आहे. एकत्र कुटुंब. वीज सामाईक, पंखा सामाईक, मेमरीसुद्धा सामाईक. ग्राफिक्सने जरा जास्त वीज घेतली की प्रोसेसरची उपासमार, प्रोसेसरने घेतली की ग्राफिक्सचं तोंड वाकडं, आणि दोघांचं भांडण मला स्क्रीनवर दिसतं. शत्रू तलवार उगारतो आणि उगारलेलीच ठेवतो. मी बाजूला व्हायचं बटण दाबतो. कुणीच हलत नाही. मग एकदम पुढचं चित्र येतं, त्यात मी मेलेला असतो.

भाचा या विषयातला वैद्य आहे. फोनवरच त्याने नाडी पाहिली.

"मामा, रॅम सिंगल चॅनल आहे की ड्युअल?"

"सोळा जीबी आहे."

"ते नाही रे. एका वाटेने जाते की दोन?"

ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसली की मुख्य मेमरीतूनच, म्हणजे रॅममधूनच, सगळी ने-आण करावी लागते आणि वाट एकच असेल तर तिथे खोळंबा होतो, असं त्याने समजावलं. माझी एकच वाट निघाली. दुसरी काढता येईल का विचारलं, तर म्हणाला, "तुझ्यात रॅम मदरबोर्डला डाखून टाकलीय." बारीक व्हायचं तर काढघाल करायच्या खाचा परवडत नाहीत म्हणे. मग तो म्हणाला, "आणि मामा, तू थ्रॉटल होतोयस." लॅपटॉपबद्दल बोलत होता तो, पण मला ते जरा लागलंच.

थ्रॉटल होणं म्हणजे असं. प्रोसेसरने ओढलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर न्यायला तांब्याची एक चपटी नळी असते आणि नळीत थेंबभर पाणी. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या टोकाला जाते, तिथे निवून पुन्हा पाणी होते आणि परत येते. काय सुंदर योजना आहे! माणसाने एवढी अक्कल चालवून ती वाफ पंख्यापर्यंत आणली आणि पंख्याला मात्र जागाच ठेवली नाही. जाड लॅपटॉपमध्ये मोठे पंखे सावकाश फिरून पुष्कळ हवा ढकलतात. बारीकमध्ये बारीक पंखा, म्हणून तो किंचाळतो. इतकं करूनही तापमान १०० अंशांच्या घरात गेलं, की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच हात आखडता घेतो. याला ते लोक थ्रॉटलिंग म्हणतात. आमच्या ऑफिसात याला दुपार म्हणतात.

लॅपटॉप हे नावही एकदा तपासून घ्यायला हवं. 'लॅप' म्हणजे मांडी. मी एकदाच तो मांडीवर घेऊन खेळलो. लगेच आठवलं, की २०१० साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात १२ वर्षांच्या एका मुलाची हकिगत आली होती. रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून गेम खेळायचा. काही महिन्यांत त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार डाग उठले. पूर्वी शेकोटीला खेटून बसणाऱ्यांना असे डाग पडायचे. मला त्या हकिगतीतला एक तपशील फार आवडतो. लॅपटॉप डावीकडून तापतोय हे त्या मुलाला कळलं होतं, तरी त्याने जागा बदलली नव्हती. मी त्याला ओळखत नाही, पण तो माझ्या जातकुळीतला आहे.

मांडी वाचवली आणि उपाय सुरू केले. खालून हवा आत घ्यायच्या जाळ्या असतात, त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मागची बाजू उचलायची होती. नेमक्या उंचीचा एक जाडजूड शब्दकोश घरात सापडला. चार-पाच अंश उतरले, खोटं कशाला बोलू? फक्त आता कुठला शब्द अडला तर आधी गेम बंद करावा लागतो. चार्जर काढून खेळून पाहिलं, तर बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉपने आणखी हातपाय आखडले. गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून नुसतं चित्र इकडे मागवायची सोयही पाहिली. चित्र झकास होतं. पण मी उडी मारायचं बटण दाबायचो, ते तिकडे पोचून त्याची उडी होऊन इकडे दिसेपर्यंत खड्डा येऊन गेलेला असायचा.

शेवटी उरल्या गेमच्या सेटिंग्ज. खरं सांगायचं तर गेले सहा महिने मी सेटिंग्जच खेळतोय. मूळ गेमची गोष्ट काय आहे ते मला नीट ठाऊक नाही. कुणाचा तरी भाऊ हरवलाय बहुतेक.

आधी सावल्या बंद केल्या. भुताची सावली पडत नाही म्हणतात. त्या हिशेबाने माझं अख्खं गाव भुतांचं झालं. मग गवत काढलं. घोडे बिचारे उघड्या मातीत तोंड खुपसून चरण्याचा अभिनय करतात. पाण्यातली प्रतिबिंबं काढली, नदीची निळी ताडपत्री झाली. केसांची प्रत सगळ्यात खालची केल्यावर नायकाच्या डोक्यावर केसांऐवजी केसांच्या रंगाची टोपी आली. दूरचं दिसण्याचं अंतर कमी केलं. डोंगर दुरून साजरे म्हणतात ना? माझ्याकडे दुरून ते दिसतच नाहीत. चांगलं मोकळं मैदान म्हणून घोडा सोडावा आणि नाकासमोर डोंगर उगवावा.

तरी आकडा हलेना. आकडा म्हणजे एफपीएस, सेकंदाला किती चित्रं उमटतात तो. तो स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायची सोय असते आणि ती कुणी सुरू करू नये. वजनकाटा घरात आणण्यापूर्वी माणूस जसा सुखी असतो तसा मी त्याआधी होतो. ६० आले की सुख, ३० म्हणजे चालवून घ्यायचं, त्याखाली चित्रांचा अल्बम. १९९३ सालच्या 'डूम' या गेमची कमाल मर्यादाच सेकंदाला ३५ चित्रांची होती आणि आम्ही तो रात्र रात्र जागून खेळलो. तेव्हा कोपऱ्यात आकडा नव्हता, राक्षस होते. आम्ही राक्षसांकडे बघायचो.

पण ६० म्हणजे काय मागणं आहे, तेही बघा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची स्क्रीन म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला ६० वेळा ते सगळे नव्याने रंगवायचे, म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार. एका चित्राला वेळ १६.६७ मिलिसेकंद. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हे काम करणाऱ्याला आपण १५ वॅट देतो आणि वर विचारतो, हळू का चालतंय?

म्हणून ठिपके कमी केले. १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९ लाख २१ हजार ६००, निम्म्याहूनही कमी. वर एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०२१ साली आणलेलं एफएसआर लावलं. ते चित्र लहान काढतं आणि हुशारीने मोठं करून दाखवतं. हुशारीलाही आधी काहीतरी हाती लागावं लागतं. गटाच्या फोटोतल्या मागच्या रांगेतला माणूस कापून मोठा करून भिंतीवर लावावा, तसे माझ्या गेममधले सगळे लोक दिसतात. एका पात्राशी मी आठवडाभर आदराने बोलत होतो. ते पिंप होतं.

आणि मग एका संध्याकाळी शोध लागला. चालता चालता माझा माउस घसरला, नायकाची नजर जमिनीकडे गेली आणि कोपऱ्यातला आकडा २४ वरून ४१ वर गेला! नजर वर केली, पुन्हा २४. खाली, ४१. जे नजरेच्या टप्प्यात नाही ते गेम रंगवायच्या भानगडीत पडत नाही, हे तत्त्व मला असं मातीत सापडलं. त्या दिवसापासून माझा योद्धा मान खाली घालून फिरतो. बाजारपेठ, सूर्यास्त, धबधबा, जिथे म्हणून बनवणाऱ्यांनी जीव ओतलाय, त्या सगळ्या जागा मला पाठ आहेत, कारण त्या मी टाळतो. गल्लीबोळांतून, कुंपणाकडेने, अपराध्यासारखा जातो. आकाशाकडे पाहिलं तर ५२ येतात, पण मग खड्डे दिसत नाहीत.

काल भाच्याने त्याच्यासोबत खेळायला बोलावलं. त्याचा गेमिंग लॅपटॉप म्हणजे फरशी आहे, आणि त्याचा ३३० वॅटचा चार्जर पायावर पडला तर प्लास्टर घालावं लागेल. आम्ही आपापल्या घरून एकाच किल्ल्यावर चालून गेलो. कानात त्याचा आवाज, "मामा, डावीकडून येतायत! तटावर बघ, काय भारी आग लागलीय! मामा?" मला आगीतले रंग नुसते ऐकू येत होते. तो एकटाच दहा-बारा जणांशी भिडला होता.

"मामा, अरे कुठे आहेस तू?"

"बुरुजामागे."

"किती आहेत तिकडे?"

"कुणी नाही. भिंतीकडे तोंड करून उभा आहे."

"का??"

"हळू बोल," मी म्हणालो, "साठ येतायत."